येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी

हे प्रभू, आमच्या स्वर्गीय पित्या,

दमणगंगेच्या काठी, सिल्वासाच्या या गावात तू आम्हांला आणून ठेवलंस म्हणून तुझी उपकारस्तुती करतो. आमच्या मंडळीत इथे जन्मलेली मोठी माणसं फार थोडी. कुणाला कंपनीनं आणलं, कुणाला ठेकेदारानं, कुणाला लग्नानं. मला आणि माझ्या घरच्यांना बदलीच्या हुकुमानं. या सगळ्यामागे तूच होतास, असं मी रविवारी उपदेशात सांगतो. सोमवारी सकाळी कुणाला तरी कामावरून घरी बसवल्याचा निरोप येतो, तेव्हाही ते मला खरं वाटू दे. आजचं पहिलं मागणं एवढंच.

राज्यं येतात आणि जातात, हे समजायला आम्हांला बाबेलपर्यंत जावं लागत नाही. मराठ्यांनी १७७९ साली पोर्तुगिजांशी तह केला आणि त्यापोटी १७८३ साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. दोन वर्षांनी दादराही गेलं. २ ऑगस्ट १९५४ला ही भूमी मोकळी झाली. ज्यांचा आवाज मराठी घराघरांत आहे ते सुधीर फडकेही त्या लढ्यात होते. त्या सगळ्यांच्या धैर्याबद्दल तुझे आभार मानतो. पुढे सात वर्षं इथल्या पंचायतीनं कारभार पाहिला, १९६१ साली हा प्रदेश भारतात सामील झाला आणि २६ जानेवारी २०२०ला दमण-दीवशी जोडला गेला. या सगळ्या काळात धन्यांची नावं बदलत राहिली. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी यांचे पाडे मात्र इथेच राहिले. आम्ही मागाहून आलेले पाहुणे आहोत, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. पाहुण्यानं यजमानाच्या घरात आवाज किती ठेवायचा, तेही शिकव.

गावात १८९७ साली बांधलेलं अवर लेडी ऑफ पायटीचं चर्च आहे. ज्यांच्या राजवटीत ते उभं राहिलं ते निघून गेले, पण तुझं नाव घेणारी माणसं तिथे अजून गुडघे टेकतात. आमची उपासनेची रीत निराळी, तारणारा एकच. तिथल्या फादरांना आणि सगळ्या भाविकांना सुखी ठेव.

प्रभू, आमच्या रोजच्या भाकरीबद्दल उपकार मानतो. ही भाकर कारखान्यांतून येते, हे तुला ठाऊक आहे. करात सवलत मिळाली म्हणून इथे कंपन्या आल्या आणि कंपन्यांच्या मागे माणसं आली. २००१च्या जनगणनेत या प्रदेशात २,२०,४९० लोक होते. २०११ला ३,४३,७०९ झाले. दहा वर्षांत वाढलेल्या त्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांत आमच्या मंडळीतली कितीतरी घरं आहेत. आमली, पिपरिया, मसाट, राखोली, खडोलीच्या चाळींतून ती राहतात. पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत चार-चार जण, पाळीपाळीनं झोपणारे. त्यांच्या घामावर आमचं अर्पण चालतं आणि त्यावर माझं घर चालतं. ही गोष्ट माझ्या उपदेशातून दिसू दे.

मंडळीचं रजिस्टर तू पाहिलं आहेस. जाड पुठ्ठ्याचं, कडेनं वाळवीनं खाल्लेलं. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा, दृढीकरण, पत्ता आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. जुन्या गावांतल्या मंडळ्यांत हा रकाना बहुधा कोरा राहतो. भरलाच तर मृत्यूच्या तारखेनं. आमच्या रजिस्टरात तोच सगळ्यांत गच्च आहे. ‘दाखला देऊन वापीस.’ ‘गावी परत.’ ‘कंपनी बंद, भिवंडीस गेले.’ ‘पत्ता नाही.’ माझ्याआधीच्या पाळकांची अक्षरं वेगवेगळी आहेत, शेरे तेच. एका कुटुंबापुढे आमली खोडून पिपरिया लिहिलंय, पिपरिया खोडून मसाट, आणि मग सगळ्यावरून आडवी रेघ. ज्यांच्यापुढे आम्ही ‘पत्ता नाही’ असं लिहिलं, त्यांचा पत्ता तुझ्याकडे आहे. तू आपल्या लोकांना तळहातावर कोरून ठेवतोस, असं यशयानं सांगितलं. त्यावर भरवसा ठेवूनच मी ती रेघ मारत असतो.

पौलाच्या काळातही तुझी मंडळी अशीच होती, याचा मला मोठा आधार वाटतो. अक्विल्ला मूळचा पंताचा. रोमात जाऊन राहिला; क्लौद्य कैसरानं यहूद्यांना शहराबाहेर काढलं तेव्हा प्रिस्किल्लाला घेऊन करिंथात आला. हातात धंदा राहुट्या करण्याचा. पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याकडेच उतरला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला. पुढे ती दोघं करिंथाहून इफिसास गेली, आणि पौलानं रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा पुन्हा रोमात होती. आमच्याकडे असती तर त्यांच्याही नावापुढे खोडाखोड झाली असती. पण ती जिथे गेली तिथे त्यांच्या घरात मंडळी जमली. अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला त्यांनी बाजूला घेऊन तुझा मार्ग नीट समजावून सांगितला, चारचौघांत त्याची चूक न काढता. इथून दाखला घेऊन जाणाऱ्यांत अशी एखादी प्रिस्किल्ला, असा एखादा अक्विल्ला असू दे. भिवंडीच्या, हडपसरच्या, सुरतेच्या कुठल्याशा खोलीत त्यांनी चटई अंथरून शेजाऱ्याला प्रार्थनेला बोलवावं. ते गेल्यावर आमच्याकडे किती उरले, हे मोजत मी बसू नये. आलेला माणूस थोड्या दिवसांचा आहे हे कळत असतानाही त्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, त्याच्या गावाकडच्या म्हाताऱ्या आईचं दुखणं हे सगळं मनापासून विचारायची इच्छा माझ्यात शिल्लक ठेव.

शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सकाळी सातला सुटणारा आणि नऊच्या उपासनेला थेट येणारा सुंदरगडचा तो मुलगा तुला माहीत आहे. धाग्याच्या कंपनीत डॉफिंगला आहे. भरलेली बॉबिनं काढायची, रिकामी लावायची, बारा तास. हातपाय धुऊन, शर्ट बदलून येतो, तरी कोनिंग ऑइलचा वास अंगाला राहतो. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसतो आणि शास्त्रपाठ संपायच्या आत झोपतो. त्रोवसात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख झोपला आणि खिडकीतून खाली पडला. आमच्या बाकामागे भिंत आहे एवढं बरं. एकदा शेजारचा त्याला कोपरानं ढोसायला लागला, तेव्हा आमचं चर्च झाडणाऱ्या मावशींनी त्याचा हात धरला. “झोपू द्या हो त्याला. बापाच्याच घरात झोपलाय ना?” त्या दिवशी मी जे काही बोललो ते कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही; मावशींचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात आहे. प्रभुभोजनाच्या वेळी तो मुलगा बरोबर जागा होतो, ओंजळ पुढे करतो, आणि त्या ओंजळीकडे पाहिलं की तूच ‘कष्टी व भाराक्रांत’ कुणाला म्हणालास हे मला वेगळं शोधावं लागत नाही.

त्याच्यासारख्या सगळ्यांना राख, प्रभू. मशीनमध्ये ज्यांची बोटं गेली, ज्यांना भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात, ठेकेदाराच्या वहीत ज्यांचं नावच नसतं, त्यांचा कैवार तू घे, आणि आमच्यातल्या शिकल्यासवरलेल्यांना त्यांच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जायची बुद्धी दे. विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डांत आज जे पडून आहेत त्यांना आणि रात्रभर त्यांच्या उशाशी उभ्या असणाऱ्या सिस्टरांना बळ दे.

आमच्या उपासनेतल्या भाषांवर कृपा कर. विधी मराठीत चालतो, शास्त्रपाठ हिंदीतही वाचतो, एखादी बहीण गुजरातीत प्रार्थना करते आणि सुंदरगडची मुलं आपापसांत सादरीत बोलतात. ‘उपासना संगीत’ उघडून आम्ही रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू करतो. ढोलकीवरचा मुलगा आपल्या गावचा ठेका धरतो. पुढच्या बाकावरच्या आजी मान वळवून त्याच्याकडे रोखून पाहतात. त्यांनी ते भजन लहानपणी नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये टाळ-मृदुंगावर ऐकलेलं असतं. आजींना थोडी सोशिकता दे, मुलाला थोडा ताल दे आणि मला दोघांच्या मध्ये पडण्याची दुर्बुद्धी देऊ नकोस. तुझ्यापर्यंत गाणं पोचतं तेव्हा त्यातलं काय ऐकायचं हे तूच ठरवतोस.

२०२० सालची आठवण तुझ्यापुढे ठेवतो. मार्चमध्ये टाळेबंदी आली, कंपन्यांचे भोंगे थांबले, चाळींत पगार संपले. ज्यांना मी तोवर ‘मंडळीतली माणसं’ म्हणत होतो ती पाठीवर बोचकं घेऊन निघाली. काही चालत, काही मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी. त्या दिवसांत ज्यांनी आपल्या घरातलं पीठ वाटून घेतलं, त्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमान होते. त्यांची नावं आमच्या कुठल्याच अहवालात आली नाहीत. तुझ्या वहीत ती आहेत, यात मला शंका नाही. वाटेत जे दगावले त्यांना विसावा दे.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी मागतो.

अर्पणाच्या थैलीतल्या चुरगळलेल्या दहाच्या नोटा मांडीवर एकेक करून सरळ करणाऱ्या आणि मगच मोजणाऱ्या खजिनदारकाकांसाठी. त्यांचं कुणाशी पटत नाही, पण हिशोब पैशापर्यंत जुळतो. त्यांच्या गुडघ्यांना आराम दे. आठवडाभर कंपनीत माल तपासणाऱ्या आणि रविवारी संडे स्कूलच्या पोरांत बसणाऱ्या आमच्या शिक्षिकेसाठी. तिथे खोट काढायचा तिला पगार मिळतो आणि इथे ती एकाही मुलाची खोट काढत नाही. चर्च झाडणाऱ्या मावशींसाठी, ज्यांच्याबद्दल मी आधीच सांगितलं. आणि खानवेलकडच्या आमच्या सुवार्तिक भावासाठी. तो दुधनी, मांदोणीच्या चढउतारांवर भर पावसात मोटरसायकल घालतो, वारलीत प्रार्थना करतो, आजाऱ्याला डोंगरावरून खाली आणतो, आणि महिन्याच्या अहवालात दोनच ओळी लिहितो. त्याच्या दोन ओळींवर मी वरच्या कचेरीसाठी दोन पानं करतो. श्रेय कुणाच्या नावावर जमा व्हावं ते तू बघ; त्याचं मानधन वेळेवर पोचेल एवढं मी बघतो.

कमिटीतल्या दोघांचं पत्र्याच्या शेडवरून बिनसलं आहे. एक डाव्या दारानं येतो, दुसरा उजव्या. त्यांचा आजच समेट घडव, अशी घाईची प्रार्थना मी करत नाही. पौल आणि बर्णबा यांचंही मार्कावरून बिनसलं होतं. मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत फिरला होता. पौलाला तो पुन्हा सोबत नको होता, बर्णबाला हवा होता. दोघंही तुझे, दोघंही प्रार्थना करणारे, तरी एक सीलाला घेऊन गेला, दुसरा मार्काला घेऊन कुप्रास. आणि अखेरच्या दिवसांत पौलानं तीमथ्याला निरोप धाडला की येताना मार्काला घेऊन ये, त्याचा मला उपयोग आहे. मधल्या वर्षांत तू त्या दोघांवर काय काम केलंस ते लुकानं लिहून ठेवलेलं नाही. तेच काम आमच्या या दोन भावांवर कर. तोवर त्यांच्या भांडणाचे निरोपे होण्याची हौस बाकीच्यांना होऊ नये. आणि जो तरुण रागावून आमची मंडळी सोडून दुसरीकडे गायला जातो आहे, त्याच्या गळ्यातला गोडवा तिथेही कायम ठेव.

या भूमीच्या मूळ लेकरांसाठी मागतो. मधुबन धरणात ज्यांची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना आज कुठल्या तरी गेटवर रोजंदारीसाठी उभं राहावं लागतं. त्यांनी गाव सोडलं नव्हतं, गावानंच त्यांना सोडलं. दर वर्षी आम्ही कापणीचा सण करतो, वेदीपुढे भाताच्या लोंब्या, काकड्या, नारळ मांडतो आणि लिलाव करून पैसे उभे करतो. त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून इथला वारली धान्यदेवी कणसरीला मान दिल्याशिवाय नवा भात तोंडात घालत नाही. उपकार मानायला आम्ही त्याला शिकवणार, या भ्रमातून आम्हांला सोडव. त्याच्या जमिनीच्या कागदावर कुणाचा डोळा असेल तर तो कागद तू सांभाळ.

आणि आता माझं घर.

प्रभू, पाळकाच्या बायकोला पाळक नसतो. तिची तक्रार बहुधा पाळकाबद्दलच असते. ती तिनं कुणाकडे न्यायची? सगळी मंडळी तिला पाळकीणबाई म्हणते. महिला मंडळाची सभा, बाळंतिणीचा डबा, मयताच्या घरचा चहा हे सगळं तिच्याकडे आपोआप येतं, आणि त्यासाठी तिला कुणी निवडून दिलेलं नसतं. बदली झाली की तिनं धरलेली नोकरी सुटते, ओळखीचा दुकानदार सुटतो, लावलेली कढीलिंबाची कुंडी शेजारणीला द्यावी लागते. मिक्सरचा आणि टीव्हीचा मूळ खोका ती थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवते. दिवाळीच्या साफसफाईत मी तो टाकायला काढला की आतून आवाज येतो, “अहो, खोका राहू द्या, लागेल.” टिळकांची भजनं आम्ही सगळे गातो, पण देवाच्या कामाला लागलेल्या माणसाच्या संसारात काय काय सोसावं लागतं, आणि त्यावर हसावं कसं, हे कळायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’च वाचावी लागतात. माझ्या घरातही असं कुणीतरी सगळं पाहत आहे, हे मला माहीत आहे. तिला मंडळीबाहेरची एक जिवाभावाची मैत्रीण दे, जिच्यापुढे तिला पाळकीणबाई व्हावं लागणार नाही. तिचा पाळक तू स्वतः हो.

मुलीला मिरजेत नर्सिंगच्या अभ्यासात सांभाळ. पहिल्यांदा कुणाचा श्वास तिच्या हाताखाली थांबेल तेव्हा तिच्याजवळ राहा; मी तिथे नसेन. मुलाला उपदेशांचा कंटाळा आला आहे आणि तो ते लपवत नाही, याबद्दल तुझे आभार. पाळकाचा मुलगा म्हणून त्यानं विश्वास ठेवावा असं मी मागत नाही. तू त्याला त्याच्या वाटेवर भेट, शमुवेलाला हाक मारलीस तसा; आणि ती हाक त्यानं माझी समजू नये. गावी एकट्या राहणाऱ्या माझ्या आईला संध्याकाळचा दिवा लावताना जिन्यावर पाय घसरू देऊ नकोस. दुसऱ्यांच्या आयांना भेटायला मी रोज जातो. माझ्या आईकडे कुणाला तरी पाठव.

माझ्यासाठी फार मागायचं नाही. उपदेश लांबू नये. प्रार्थनेला आलेल्या माणसाचं ऐकताना फोनकडे नजर जाऊ नये. मयताच्या घरी शब्द सुचला नाही तर गप्प बसता यावं. मिळणाऱ्या मानातला खुर्चीचा वाटा कोणता, हे ओळखता यावं.

शेवटी, माझ्यानंतर इथे येणाऱ्या पाळकासाठी मागतो. तो कोण आहे, मला ठाऊक नाही. जालन्याच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या मंडळीत तो पुढच्या रविवारचा उपदेश लिहीत असेल, नाहीतर सेमिनरीच्या खोलीत ग्रीक क्रियापदं घोकत असेल. त्याच्या पत्नीला इथली हवा मानवू दे, मुलांना बरी शाळा मिळू दे, पहिल्या पावसाळ्यात घराचं छप्पर गळू नये. चार्ज देताना कोण कसा आहे हे मी त्याच्या कानात सांगू नये. त्याला माणसं त्याची त्यालाच भेटू दे. लोक त्याला म्हणतील, आधीचे पाळकसाहेब असं करायचे, तसं करायचे. तेव्हा त्याला हसून ऐकायची ताकद दे. आणि त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं सांगायला इथून कुणाचा फोन आला तर माझ्या जिभेला आवर घाल. मला मग त्याच्या कामात डोकावण्याची गोडी वाटू नये, फक्त त्याच्याविषयी माया वाटावी. ही मंडळी माझ्याआधीपासून तू चालवत आलास, माझ्यानंतरही तूच चालव.

आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावानं मागतो. आमेन.